'मुक्ती' : कोणाची, कशापासून, कोणाकडून?

गेल्या अर्धशतकातील मराठी समीक्षेत 'मुक्ती' हा शब्द फार सहजपणे वावरताना दिसतो. संतांच्या अभंगांत मुक्तीची आस असते, दलित आत्मकथनांत मुक्तीचा हुंकार असतो, स्त्रियांच्या लेखनात मुक्तीची वाट असते, नवकवितेने कवितेला वृत्तांच्या बंधनातून मुक्त केलेले असते. एकाच लेखात, पुष्कळदा एकाच परिच्छेदात, हे सारे उपयोग शेजारी शेजारी येतात आणि त्यांच्यातले अंतर कोणाला जाणवत नाही. शब्द एक असल्यामुळे संकल्पनाही एकच आहे, असे गृहीत धरले जाते. या गृहीतामुळे दोन प्रकारची हानी होते. एकीकडे जुन्या संहितांवर त्यांना अनोळखी असलेला आशय लादला जातो. दुसरीकडे ज्या लढ्यांनी या शब्दाला नवा अर्थ प्रयत्नपूर्वक मिळवून दिला, त्यांचे श्रेय परंपरेच्या खात्यावर जमा होते. म्हणून या शब्दाचा मराठीतील व्यवहार तपासणे हे केवळ कोशकाराचे काम नाही, ते समीक्षेचेही काम आहे.

प्रस्तुत विवेचनाचे सूत्र थोडक्यात असे मांडता येईल : 'मुक्ती' ही संज्ञा स्वभावतः अपुरी आहे. ती उच्चारली की कोणाची, कशापासून आणि कोणाकडून, असे तीन प्रश्न उभे राहतात. मराठीतील या शब्दाचा इतिहास म्हणजे या तीन रिकाम्या जागा कोणी, केव्हा आणि कशाने भरल्या याचा इतिहास होय.

१

'मुक्ती' हा शब्द संस्कृत 'मुच्' या धातूपासून 'क्तिन्' हा भाववाचक प्रत्यय लागून सिद्ध होतो. सोडणे, सोडवणे हा धातूचा मूळ अर्थ. या क्रियेला ज्यापासून सुटायचे त्याची, म्हणजे अपादानाची, अपेक्षा असते. त्याचबरोबर सोडणारा आणि सोडवला जाणारा यांचीही अपेक्षा असते. परंतु क्रियापदाची भाववाचक संज्ञा झाली की हे सारे संबंध अध्याहृत होतात. 'सोडवले' असे म्हटले की 'कोणी?' हा प्रश्न टाळता येत नाही. 'मुक्ती' म्हटले की तो टाळता येतो. कर्त्याला पडद्याआड ठेवण्याची ही सोय सर्वच भाववाचक संज्ञांमध्ये असते, पण या संज्ञेच्या बाबतीत तिचे परिणाम विशेष दूरगामी झाले आहेत.

'स्वातंत्र्य' या शब्दाशी तुलना केली असता हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. स्वतःचे तंत्र स्वतःकडे असणे ही 'स्वातंत्र्या'ची कल्पना. पाणिनीने कर्ता या कारकाची व्याख्या करताना 'स्वतंत्र' हाच शब्द योजला आहे (अष्टाध्यायी १.४.५४). व्याकरणाच्या दृष्टीने स्वतंत्र म्हणजेच कर्ता. 'मुक्त' हे मात्र निष्ठान्त रूप आहे. त्यात क्रिया घडून गेलेली आहे, आणि ज्याच्यावर ती घडली तो समोर उभा आहे. स्वतंत्र हा करणारा असतो. मुक्त हा बहुधा ज्याच्यासाठी काही केले गेले असा असतो. हा भेद सर्वत्र पाळला जातो असे नाही. तरीही ज्या ज्या ठिकाणी 'स्वातंत्र्य' न म्हणता 'मुक्ती' म्हटले गेले, त्या त्या ठिकाणी तो कोठे ना कोठे सूचित असतो.

मराठीत या धातूचा गोतावळा मोठा आहे. मोक्ष, मुमुक्षू, मुक्तता हे तत्सम शब्द एका बाजूला, तर प्राकृतातून आलेले मोकळा, मोकळीक, मोकळे करणे हे शब्द दुसऱ्या बाजूला. न्यायालयात आरोपीची 'निर्दोष मुक्तता' होते, रडून माणूस 'मोकळा' होतो, आणि मुमुक्षूला 'मोक्ष' हवा असतो. याच कुळात व्युत्पत्तिकारांनी 'मुकणे' या क्रियापदाचाही समावेश केला आहे. जिवाला मुकणे, हक्काला मुकणे, घरादाराला मुकणे. सुटणे आणि गमावणे या दोन्ही क्रिया भाषेने एकाच मुळातून काढल्या, ही गोष्ट सूचक आहे. जो सुटतो तो कशाला तरी मुकतो, आणि जो मुकतो तो नेहमी सुटलेला असतोच असे नाही. 'मुक्ती' या शब्दाच्या आधुनिक वापरात 'मुकणे' हा अर्थ सहसा झाकला जातो. तो उघड झाला की या शब्दाचे खरे ओझे कळते.

२

संतसाहित्यात 'मुक्ती' ही पारिभाषिक संज्ञा आहे. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता असे तिचे चार प्रकार मानलेले आहेत. जिवंतपणी लाभणारी जीवन्मुक्ती आणि देहपातानंतरची विदेहमुक्ती हा आणखी एक भेद. 'दासबोधा'त बद्ध, मुमुक्षू, साधक आणि सिद्ध अशी माणसांची चढती मांडणी येते. या सर्व व्यवस्थेत अपादान निश्चित आहे : अज्ञान, कर्मबंध आणि जन्ममरणाचे चक्र. 'कशापासून' हा प्रश्न येथे विचारावाच लागत नाही.

येथे विशेष लक्षात घ्यायला हवे ते असे की, वारकरी परंपरेत या मुक्तीला सर्वोच्च स्थान दिलेले नाही. ज्ञानदेवांच्या हरिपाठात चारही मुक्ती क्षणमात्र देवद्वारी थांबण्याचे फळ म्हणून येतात. तेथे त्यांचे मोल वाढण्यापेक्षा उणावते. तुकोबा तर मुक्ती नाकारून पुन्हा गर्भवासाची मागणी करतात, कारण भक्तीचे सुख घ्यायला देह हवा आणि संतांचा संग हवा. याचा अर्थ असा की मराठी भक्तिपरंपरेने 'मुक्ती' या शब्दाशी एक प्रकारचा झगडा मांडला होता. ज्ञानमार्गाने परम मूल्य म्हणून दिलेला शब्द तिने खालच्या पायरीवर आणून ठेवला आणि त्याच्या जागी संबंधाचे, संगाचे मूल्य स्थापन केले. सुटण्यापेक्षा जोडले जाणे तिला अधिक मोलाचे वाटले.

ही गोष्ट नीट ध्यानात घेतली तर एका प्रचलित युक्तिवादाची अडचण दिसून येते. संतांच्या आध्यात्मिक मुक्तीत सामाजिक मुक्तीचे बीज होते, असे पुष्कळदा म्हटले जाते. गं. बा. सरदार यांच्या 'संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती' (१९५०) या ग्रंथापासून संतांच्या सामाजिक कार्याची जी चर्चा सुरू झाली, तिचे ऋण मोठे आहे. सरदारांचा 'फलश्रुती' हा शब्दच सावध आहे. तो हेतूबद्दल बोलत नाही, परिणामाबद्दल बोलतो. नंतरच्या अनुकरणात मात्र ही सावधता सुटली आणि फळाचे रूपांतर बीजात झाले. वस्तुतः संतांच्या सामाजिकतेचा शोध त्यांच्या 'मुक्ती' या शब्दात घेणे चुकीचे आहे, कारण तो शब्द तर त्यांनी बाजूला सारला. तो घ्यायचा झाला तर दिंडीत, नामात, एकमेकांच्या पायी लागण्यात, म्हणजे संगाच्या परिभाषेत घ्यावा लागेल.

चोखामेळा आणि त्याच्या परिवारातील सोयराबाई, कर्ममेळा यांच्या अभंगांत हा पेच सर्वाधिक तीव्र होतो. तेथे विटाळाचा प्रश्न आहे, दाराबाहेर ठेवले जाण्याचे दुःख आहे, आणि कर्ममेळ्याकडे तर देवालाच जाब विचारण्याची धार आहे. या अभंगांतील मागणी जन्ममरणातून सुटण्याची नाही. ती आत घेतले जाण्याची आहे. संगाचे मूल्य सर्वांना खुले असल्याचा जो दावा परंपरा करते, त्याचीच ही परीक्षा आहे. अशा अभंगांना 'मुक्तीचा हुंकार' म्हणणे म्हणजे त्यांनी काय मागितले ते न ऐकणे होय.

३

एकोणिसाव्या शतकात या शब्दाचे अपादान बदलले. जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील ज्या सज्जनांनी गुलामांना दास्यातून सोडवण्याचे काम केले त्यांना अर्पण केला. येथे बंधन म्हणजे अविद्येचा वा कर्माचा बंध नव्हे. ते माणसाने माणसावर लादलेले दास्य आहे, ते इतिहासात उत्पन्न झाले आहे आणि म्हणूनच इतिहासात नष्ट करता येते. अर्थपरिवर्तनाच्या दृष्टीने हे पाऊल अपूर्व होते. तथापि या अर्पणपत्रिकेतील क्रियेचा कर्ता बारकाईने पाहण्यासारखा आहे. गुलामांना सोडवणारे दुसरे कोणी आहेत, आणि त्यांच्या औदार्याचा गौरव केला आहे. ग्रंथाचे शरीर मात्र वेगळे बोलते. तेथे धोंडिबा आणि जोतीराव यांचा संवाद आहे. धोंडिबा प्रश्न विचारतो, शंका काढतो, आणि हळूहळू स्वतः निष्कर्षापर्यंत पोहोचतो. अर्पणपत्रिकेत मुक्ती दिली जाते, संवादात ती समजून घेऊन मिळवली जाते. हा ताण फुल्यांच्या लेखनाची उणीव नाही. पुढच्या शतकाचा प्रश्नच तो आधी मांडून ठेवतो.

पंडिता रमाबाईंच्या हाती 'मुक्ती' हा शब्द दोन अर्थांच्या मधोमध उभा राहतो. ख्रिस्ती मराठीत या शब्दाला पापापासून तारण असा अर्थ आधीच मिळाला होता. १८८२ मध्ये मुंबईत काम सुरू करणाऱ्या ख्रिस्ती संघटनेला मराठीत 'मुक्तिफौज' हेच नाव पडले. रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा नावात विद्येची देवता होती. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुली व विधवा यांच्यासाठी केडगावी जो आश्रम उभा राहिला, त्याचे नाव 'मुक्ती' ठेवले गेले. शारदेपासून मुक्तीपर्यंतचा हा प्रवास रमाबाईंच्या स्वतःच्या धर्मजीवनाचा आहे, पण भाषेच्या दृष्टीने त्याचे महत्त्व त्याहून अधिक आहे. उपासमारीपासून, वैधव्याच्या छळापासून आणि पापापासून सुटणे या तिन्ही गोष्टी एकाच नावाखाली आल्या. 'मुक्ती' आता एका जागेचे नाव झाले. तेथे शिवण, विणकाम, छापखाना आणि शेती चालत असे. स्त्रियांच्या संदर्भात हा शब्द मराठीत इतक्या ठळकपणे प्रथम येथे उभा राहिला. नंतरच्या स्त्रीमुक्तीच्या चर्चेत हा पूर्वेतिहास क्वचितच आठवला जातो, आणि त्याचे कारण धर्मांतराविषयीच्या अस्वस्थतेत आहे हे उघड आहे.

४

या शब्दाच्या इतिहासातील निर्णायक क्षण म्हणजे ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषदेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केलेले भाषण. ते 'मुक्ती कोन पथे?' या नावाने प्रसिद्ध आहे. नावाची घडण बंगाली आहे हे लपत नाही. मराठीत 'कोणत्या मार्गाने' असे म्हणावे लागेल. 'युगांतर' पत्रातील लेखांचा याच नावाचा संग्रह बंगालच्या क्रांतिकारकांमध्ये प्रचारात होता, आणि १९१८ च्या राजद्रोह समितीच्या अहवालात त्याची नोंद झालेली आहे. म्हणजे राजकीय स्वातंत्र्याच्या लढ्यात ज्या प्रश्नाने एक अर्थ धारण केला होता, तोच प्रश्न त्याच शब्दांत अस्पृश्यांच्या परिषदेत वेगळ्या अर्थाने विचारला गेला. परकी सत्तेपासून मुक्ती मागणाऱ्यांना या शीर्षकाने आपोआपच एक प्रतिप्रश्न केला.

भाषणात धर्मांतराच्या सामाजिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंचा विचार आहे. 'मुक्ती' हा धर्मक्षेत्रातील शब्द असल्यामुळे आंबेडकर धर्माला वगळून त्याचा विचार करीत नाहीत. उलट धर्म माणसासाठी आहे की माणूस धर्मासाठी, हा प्रश्न विचारून ते शब्दाचे क्षेत्र तेच ठेवतात आणि त्याची दिशा पालटतात. परंपरेत मुक्ती हे धर्माचे फळ होते. येथे विशिष्ट धर्मव्यवस्था हेच मुक्तीचे अपादान झाले. धर्मामुळे मुक्ती मिळते हे वाक्य आणि या धर्मापासून मुक्ती हवी हे वाक्य, या दोहोंत शब्द तोच असला तरी त्याचे कारक बदललेले आहे. मराठीतील या शब्दाच्या प्रवासात एवढी मूलगामी उलथापालथ दुसरी झालेली नाही.

त्याहूनही महत्त्वाचा भाग भाषणाच्या अखेरीस येतो. बुद्धाने अंतसमयी आनंदाला स्वतःवर अवलंबून राहण्याचा जो उपदेश केला, त्याचा दाखला देऊन आंबेडकर श्रोत्यांचा निरोप घेतात. वर उपस्थित केलेल्या तिसऱ्या प्रश्नाचे, 'कोणाकडून' याचे, हे उत्तर आहे. पुढे 'बुद्ध आणि त्याचा धम्म' (१९५७) या ग्रंथात त्यांनी बुद्ध हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही, असा स्पष्ट भेद केला. शीर्षकातील 'पथ' आणि ग्रंथातील 'मार्ग' यांचे नाते येथे जुळते. दाता मार्गाचा असू शकतो, मुक्तीचा असू शकत नाही. मुक्त या निष्ठान्त रूपात दडलेली कर्मस्थानी असण्याची अगतिकता येथे दूर केली जाते आणि मुक्त होणारा हाच कर्ता ठरतो. 'मुक्ती' येथे 'स्वातंत्र्या'च्या व्याकरणात प्रवेश करते.

म्हणूनच आंबेडकरोत्तर दलित साहित्यातील मुक्तीची कल्पना संतपरंपरेच्या मुक्तीचा विस्तार आहे असे म्हणणे टिकत नाही. तिचा संबंध त्या परंपरेशी नक्कीच आहे, पण तो नकाराचा आणि पुनर्व्याख्येचा संबंध आहे. बाबूराव बागूल यांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या संग्रहापासून नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहापर्यंत जे लेखन झाले, त्याचा स्वर सुटकेची याचना करणारा नाही. तो बंधन घालणाऱ्याला नाव घेऊन बोलावतो. कर्त्याला पडद्याआड ठेवण्याची संज्ञेची सोय हे लेखन नाकारते.

५

राजकीय भूगोलातही 'स्वातंत्र्य' आणि 'मुक्ती' यांची वाटणी झालेली दिसते. १५ ऑगस्ट १९४७ हा स्वातंत्र्यदिन. १७ सप्टेंबर १९४८ हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९ डिसेंबर १९६१ हा गोवा मुक्तिदिन. देशाला स्वातंत्र्य मिळाले, मराठवाडा आणि गोवा मुक्त झाले. ही शब्दयोजना आकस्मिक नाही. या दोन्ही प्रदेशांचे सुटणे हे स्वतंत्र राज्यसत्ता होण्यासाठी नव्हते. निजामाच्या किंवा पोर्तुगालच्या सत्तेपासून सुटून ते भारतीय संघराज्यात यावेत, अशी चळवळीची धारणा होती. तेव्हा 'स्वातंत्र्य' हा शब्द गैरसमज करणारा ठरला असता. निजामाला तर भारतापासून वेगळे 'स्वातंत्र्य'च हवे होते. 'मुक्ती' हा शब्द येथे सोयीचा झाला, कारण तो कशापासून सुटायचे ते सांगतो आणि सुटल्यावर कोठे जायचे ते सांगत नाही.

पण जे सांगितले जात नाही ते नंतर वादाचा विषय होते. हैदराबादच्या घटनेला पोलीस कारवाई, विलीनीकरण, मुक्ती अशी वेगवेगळी नावे दिली गेली. २०२२ मध्ये केंद्र शासनाने १७ सप्टेंबर हा दिवस हैदराबाद मुक्तिदिन म्हणून साजरा केला, तर तेलंगण शासनाने तोच दिवस राष्ट्रीय एकात्मता दिन म्हणून पाळला. घटना एक, पण 'मुक्ती' म्हटले की आधीच्या राजवटीचे स्वरूप ठरते, आणि 'एकात्मता' म्हटले की लक्ष नंतरच्या संघराज्याकडे जाते. मराठवाड्यात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लढलेल्यांच्या दृष्टीने 'मुक्तिसंग्राम' या शब्दातील दुसरे पद अधिक महत्त्वाचे आहे. 'पोलीस कारवाई' म्हटले की कर्तेपण सैन्याकडे जाते, आणि 'संग्राम' म्हटले की ते लोकांकडे परत येते. गोव्यातही १८ जून १९४६ चा राममनोहर लोहियांचा मडगावातील सत्याग्रह आणि १९५५ चा सत्याग्रह यांची स्मृती जपण्यामागे हीच गरज आहे. पुढे १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. 'मुक्ती' या शब्दाने मोकळी ठेवलेली जागा कशाने भरायची, याचा निर्णय मुक्त झालेल्यांनीच केला. मुक्तीला पाच वर्षे उलटल्यावर गोवा, या अर्थाने, कर्ता झाला.

६

या शब्दाचा सर्वाधिक करुण आणि म्हणूनच समीक्षेने सर्वाधिक गंभीरपणे पाहावा असा उपयोग 'विमुक्त' या रूपात आढळतो. ब्रिटिश राजवटीने १८७१ पासून क्रमाक्रमाने विस्तारलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक समूहांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. त्यांची नोंद झाली, हजेरी लागली, त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती झाल्या. सोलापूरची वसाहत त्यांपैकी एक. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर रद्द झाला आणि हे समूह 'विमुक्त' झाले. 'वि' या उपसर्गाने मुक्ततेला जोर दिला : विशेषत्वाने मुक्त, पूर्णपणे मुक्त.

आता या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहावे. ज्या विशेषणाने एका घटनेची नोंद करायची, ते एका वर्गाचे कायमचे नाव झाले. महाराष्ट्राच्या प्रवर्गसूचीत 'विमुक्त जाती (अ)' अशी नोंद आहे. मुक्त झालेल्याला आपण कशापासून मुक्त झालो ते प्रत्येक दाखल्यावर सांगावे लागते. बंधन गेले, पण बंधनाची आठवण नावात कोरली गेली. या प्रवर्गामुळे शिक्षणाचे व नोकरीचे जे हक्क मिळाले ते मोलाचे आहेत, यात शंका नाही. प्रश्न हक्कांचा नसून नावाचा आहे. त्याचबरोबर जुना कायदा गेल्यावर ठिकठिकाणी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर तीच राहिली. या समूहांत 'विमुक्त' शब्दाचा अनुभव म्हणजे मुक्तीचा अनुभव नव्हे.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने याच शब्दाची परीक्षा घेतात, असे म्हणता येईल. दोन्ही शीर्षके विचारात घ्यावीत. कायदा ज्यांना 'विमुक्त' म्हणतो ते स्वतःला 'उपरा' म्हणवतात, आणि समाजाने मारलेली 'उचल्या' ही हाक पुस्तकाच्या मुखपृष्ठावर लावतात. शासकीय शब्दकोश आणि जगण्याचा शब्दकोश यांच्यातील हे अंतर या लेखनाचा खरा विषय आहे. 'उचल्या'तील पोलिसांचा ससेमिरा कायद्यातील मुक्ततेनंतरही चालू राहतो, आणि निवेदक जो मार्ग धरतो तो शिक्षणाचा, गिरणीतील कामाचा आणि संघटनेचा आहे. त्यात एका क्षणी बंधन गळून पडले असे घडत नाही. समीक्षकांनी मात्र अशा आत्मकथनांच्या शेवटी 'मुक्ती'चा बिंदू शोधण्याची सवय लावून घेतली आहे. बंधनापासून मुक्तीकडे जाणारी सरळ रेषा हा आकृतिबंध मुमुक्षूच्या कथेचा आहे. तो या लेखनावर लादला की त्यातील पुनरावृत्ती, अडकलेपण, पुन्हा पुन्हा होणारी धरपकड ही रचनेतील शैथिल्याची लक्षणे ठरतात. वास्तविक तीच या लेखनाची सत्यनिष्ठ रचना आहे.

येथेच 'मुकणे' हा अर्थही वर येतो. भटकेपण सुटले तेव्हा परंपरागत व्यवसाय गेला, बोली मागे पडली, जमातीची पंचायत दुरावली. या गोष्टी जपाव्यात की नाही हा वेगळा प्रश्न आहे. 'उपरा'तील निवेदक जमातीच्याही बाहेर पडतो आणि गावाच्याही बाहेर राहतो. त्याचे सुटणे आणि मुकणे ही एकच घटना आहे. 'मुक्ती' या शब्दाने त्यातील अर्धीच सांगता येते.

७

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या सुमारास मुंबई-पुण्यात ज्या संघटना व परिषदा झाल्या, त्यांनी 'स्त्रीमुक्ती' हा शब्द रूढ केला. या समासाचा विग्रह करून पाहण्याजोगा आहे. कर्जमुक्ती, व्यसनमुक्ती, रोगमुक्ती हे पंचमी तत्पुरुष आहेत : ज्यापासून सुटायचे ते पूर्वपदी आहे. स्त्रीमुक्ती, दलितमुक्ती, गोवामुक्ती हे षष्ठी तत्पुरुष आहेत : जो सुटायचा तो पूर्वपदी आहे आणि ज्यापासून सुटायचे ते अनुक्त आहे. समासाचे बाह्य रूप सारखेच असल्यामुळे थट्टेखोरांनी 'स्त्रीमुक्ती'चा विग्रह 'स्त्रियांपासून मुक्ती' असाही केला. या थट्टेमागे एक भाषिक सत्य होते. कशापासून, हे न सांगणाऱ्या समासाची रिकामी जागा कोणीही भरू शकतो. विरोधकांनी ती 'कुटुंबापासून', 'नीतीपासून' अशी भरली, आणि 'मुक्त स्त्री' या शब्दप्रयोगाला स्वैराचाराची छटा चिकटवली. गंमत अशी की हेच विशेषण विद्यापीठाला किंवा बाजारपेठेला लागले तेव्हा ते प्रशंसेचे ठरले.

पुढे 'स्त्रीवाद' हा शब्द अधिक वापरात येण्यामागे हे एक कारण असावे. परंतु षष्ठी तत्पुरुषातील पूर्वपदही निर्विवाद नव्हते. 'स्त्री' म्हणजे कोणती स्त्री, हा प्रश्न दलित स्त्रियांनी विचारला. मीनाक्षी मून व ऊर्मिला पवार यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाच्या शीर्षकातील 'ही' हे अव्यय त्या प्रश्नाचाच संक्षेप आहे. नव्वदच्या दशकात दलित स्त्री-संघटनांनी २५ डिसेंबर हा मनुस्मृतिदहनाचा दिवस 'भारतीय स्त्रीमुक्ती दिन' म्हणून पाळण्यास प्रारंभ केला. त्या एका तारखेने, महाडच्या १९२७ च्या घटनेशी नाते सांगून, समासातील अनुक्त अपादान स्पष्टपणे भरले गेले. बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये जातीच्या गुलामीतून बाहेर पडणाऱ्या समूहाची कथा 'आम्ही' या सर्वनामाने सांगितली आहे, आणि त्याच समूहाच्या घरांतील सासुरवाशिणींचे हालही त्याच सर्वनामाखाली येतात. लेखिकेला आपले लेखन घरातल्यांपासून वर्षानुवर्षे लपवून ठेवावे लागले, ही वस्तुस्थिती या 'आम्ही'मधील भेग दाखवते. समूह एका बंधनातून सुटत असताना त्यातील अर्धे लोक दुसऱ्या बंधनात असू शकतात. दोन षष्ठी तत्पुरुष एकाच देहात एकमेकांना छेद देतात.

पंचमी तत्पुरुषांचे क्षेत्र तुलनेने सरळ वाटते, पण तेथेही शब्दाची निवड राजकीय असते. शेतकरी संघटनेने 'कर्जमाफी' हा शब्द नाकारून 'कर्जमुक्ती'चा आग्रह धरला, कारण माफी अपराध्याला मिळते आणि शेतकऱ्याने अपराध केलेला नाही. २०१९ मधील राज्य शासनाच्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हाच शब्द आला. चळवळीचा शब्द शासनाने स्वीकारला खरा, पण 'कोणाकडून' या प्रश्नाचे उत्तर बदलले. संघटनेच्या युक्तिवादात शेतकरी आपला हक्क वसूल करणार होता. योजनेत तो लाभार्थी झाला. 'तंटामुक्त', 'हागणदारीमुक्त' अशा मोहिमांच्या शब्दावलीत तर 'मुक्त' हे प्रमाणपत्राचे विशेषण झाले आहे. येथे शब्द जवळजवळ 'विरहित' एवढ्याच अर्थाचा उरतो.

८

या साऱ्या विवेचनातून समीक्षेसाठी काय निष्पन्न होते? 'मुक्ती' हा शब्द वर्ज्य करावा असे नव्हे. तो वापरताना त्याची कारके भरून वापरावा, एवढेच. एखाद्या कृतीत मुक्तीची जाणीव आहे असे म्हणणाऱ्या समीक्षकाने ती कृती कोणाच्या, कशापासून आणि कोणाच्या कर्तृत्वाने होणाऱ्या मुक्तीबद्दल बोलते हे सांगितले पाहिजे. त्यासाठी शब्दाबरोबर येणारे क्रियापद हा एक साधा पण विश्वसनीय निकष आहे. मुक्ती 'देतात', 'मिळते', 'मिळवतात' की 'होते', यांपैकी संहिता काय म्हणते? 'देणे'मध्ये दात्याची सत्ता अबाधित राहते, 'मिळणे'मध्ये कर्ता लपतो, 'मिळवणे'मध्ये तो प्रकट होतो, आणि 'मुक्त होणे' या रचनेत सुटणारा आणि सोडवणारा यांतील भेद मावळू लागतो. फुल्यांच्या अर्पणपत्रिकेपासून आंबेडकरांच्या भाषणापर्यंतचे अंतर या क्रियापदांच्या बदलात मोजता येते.

काव्यसमीक्षेतील 'मुक्तछंद' या संज्ञेलाही हा निकष लावता येईल. अनिलांच्या 'भग्नमूर्ति' (१९४०) सारख्या दीर्घकाव्याने जे साधले ते छंदापासून सुटणे नव्हते. अक्षरसंख्येच्या ठराविक बांधणीपासून सुटून बोलण्याच्या लयीशी बांधून घेणे, असे त्याचे स्वरूप होते. त्यात एका बंधाच्या जागी दुसरा, कवीने स्वतः निवडलेला बंध येतो. 'मुक्त' हे पद 'छंदा'चा अभाव सांगत नाही. नव्या छंदाचा कर्ता कोण, ते ते सांगते. ज्यांनी मुक्तछंदाला बंधनहीनता समजले त्यांच्या हाती केवळ मोडलेली गद्य वाक्ये राहिली. ते छंदाला मुकले, मुक्त झाले नाहीत.

संतांनी मुक्तीपेक्षा संग मोठा मानला, आंबेडकरांनी मुक्तीचा दाता नाकारून मार्ग हाती घेतला, विमुक्तांच्या आत्मकथनांनी मुक्ततेचा दाखला आणि जगणे यांतील फट दाखवली. एकच शब्द या तिघांकडे तीन वेगळ्या संशयांचा विषय झालेला आहे. या संशयांना समान ओळीत बसवून त्यांची एक अखंड परंपरा बनवणे सोपे आहे, आणि तसे केल्याने मराठी संस्कृतीची प्रतिमाही उजळून निघते. परंतु ज्यांनी या शब्दाशी भांडून त्याला नवे अर्थ दिले, त्यांचे भांडण त्या परंपरेत ऐकू येईनासे होते. ते भांडण ऐकू येईल अशा रीतीने संहिता वाचणे, हे मुक्तीविषयी लिहिणाऱ्या समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.